सिग्नलला गप्प होणारी गाडी

एकदा एक तेलाचा व्यापारी एका वृद्ध विदुषींकडे ज्ञान घेण्यासाठी जाऊ लागला, आणि पहिल्याच गुरुवारी त्याने त्यांनाच दोन तास उपदेश केला.

या विदुषींना सारे गाव माई म्हणे. मुलींना पाठशाळेत घेत नसत त्या काळात त्या खिडकीबाहेर उभ्या राहून संस्कृत शिकल्या होत्या. तेव्हा न बोलता ऐकणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावण्याची गरज नव्हती. व्यापारी मनाने वाईट नव्हता. परंतु चार माणसांत क्षणभर शांतता झाली की त्याचा जीव घाबरा होई, आणि तोंडाला येईल त्याने तो ती भरून काढी. त्याच्या वडिलांचा इंजिनावर चालणारा तेलाचा घाणा होता. इंजिन बंद पडले की सगळे घर चिंताक्रांत होऊन अंगणात गोळा होई. शांतता म्हणजे बिघाड, एवढे शिक्षण त्याला पाळण्यातच मिळाले होते.

या स्वभावापायी त्याच्या मुलीचे, गिरिजाचे, लग्न दोनदा जुळता जुळता मोडले. पहिल्या ठिकाणी मुलाची आई चहाचा कप हातात धरून विचार करीत होती. तेवढ्या अवकाशात याने सांगून टाकले की मुलगी रागीट आहे, पण राग संध्याकाळपर्यंत उतरतो. दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या आजोबांनी जरा डोळे मिटले, तर याने त्यांच्या मृत्युपत्राची आस्थेने चौकशी केली.

तिसरा मुलगा गिरिजाने स्वतः निवडला होता. दोघे एकाच प्रयोगशाळेत काम करीत, आणि तिचा त्याच्यावर जीव होता. आदल्या आठवड्यात मुलाच्या वडिलांचा फोन आला, तेव्हा व्यापारी त्यांच्याशी तासभर बोलला आणि रविवारी आम्हीच बोलणी करायला येतो, असे एकट्यानेच ठरवून मोकळा झाला. ते ऐकून गिरिजा माईंकडे धावली.

"हे मोडलं तर मी पुन्हा कुणाला हो म्हणणार नाही, माई. तुम्ही बाबांबरोबर जा. त्यांना आवरा."

रविवारी व्यापाऱ्याने नवी मोटार काढली. पुढे माई बसल्या, मागे त्याची बायको. बायको मागेच असे. गाडी घेण्याच्या कितीतरी आधीपासून.

ही मोटार सिग्नलला उभी राहिली की तिचे इंजिन आपोआप बंद होई, आणि ब्रेकवरचा पाय उचलला की आपोआप सुरू होई. इंधन वाचावे म्हणून कारखान्यानेच केलेली ही सोय, पण व्यापाऱ्याला तो अपशकुन वाटे. त्याने गाडीला लिंबू-मिरची बांधली. तरी इंजिन बंद झाले, म्हणून शेजारी दुसरी बांधली. शेवटी शोरूमच्या माणसाने दया येऊन ही सोय रद्द करण्याचे बटण दाखवले. ते बटण गाडी काढताना दर वेळी नव्याने दाबावे लागे, आणि व्यापारी ते देवापुढे दिवा लावावा तसे न चुकता दाबी.

त्या दिवशी त्याचे बोट बटणाकडे गेले तोच माईंनी आपला तळवा त्यावर ठेवला.

"आज याला हात लावायचा नाही. गुरुदक्षिणा समज."

पहिल्या सिग्नलला इंजिन गप्प झाले. माईंनी डोळे मिटून गाडीला हात जोडले. दुसऱ्या सिग्नलला तेच. पुढे काही वाईट दिसते आहे काय, असे व्यापाऱ्याने दबकत विचारले. माईंनी गाडी चालव म्हणून सांगितले. तिसऱ्या सिग्नलला इंजिन बंदच होऊ नये म्हणून तो पाय उचलून गाडी इंच-इंच पुढे रेटू लागला, ती थेट एका स्कूटरच्या मागच्या चाकाला टेकली. स्कूटरवाला वळून म्हणाला, "काका, मागे बसायचंय का? जागा आहे."

बायको पदराआड हसली. माईंनी वाटेत एवढेच सुचवले की तिथे गेल्यावर थोडे कमी बोलावे. व्यापाऱ्याला ते पटले नाही.

"त्याला बोलणी म्हणतात, माई," तो म्हणाला. "ऐकणी म्हणत नाहीत."

मुलाचे वडील जमीन मोजण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले, आणि शब्दही जमिनीसारखेच मोजून टाकणारे गृहस्थ होते. पोहे झाले, चहा झाला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि फरशीकडे पाहत ते गप्प बसले.

व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे बंद पडलेला घाणा आणि अंगणात जमलेले घर उभे राहिले. इंजिनाला धक्का द्यावा तसे काहीतरी बोलण्यासाठी त्याने तोंड उघडले. समोर माईंनी त्याला हात जोडले, अगदी सिग्नलला गाडीला जोडले तसेच. तो इतका चकित झाला की त्याचे तोंड आपोआप मिटले.

शांतता वाढत गेली. आत कुकरची शिट्टी झाली. व्यापारी नखाने बशी वाजवू लागला. बायकोने बशी काढून घेतली.

"मुलगी आम्हाला पसंत आहे," मुलाचे वडील म्हणाले. मग पुन्हा थांबले. "गेल्या आठवड्यात तेवढंच सांगायला मी फोन केला होता. म्हटलं, तुमचं बोलणं संपलं की सांगू. तर तुम्ही फोनच ठेवलात."

परतताना पुन्हा सिग्नल लागला. इंजिन गप्प झाले. व्यापाऱ्याने बटणाकडे पाहिलेही नाही. गाडीला नमस्कार कशाला केलात, असे त्याने हळूच विचारले.

"तुझ्या वडिलांचा घाणा बंद पडत असे," माई म्हणाल्या. "ही गाडी बंद पडत नाही. ती थांबते. पडणं निराळं आणि थांबणं निराळं, हे तुला कुणी शिकवलं नाही. आत्ता बघ, ती गप्प आहे, पण तिचे दिवे लागलेले आहेत, घड्याळ चालू आहे, आणि तुझा पाय हलला की ती निघेल. पुढे जायला वाट नसताना नुसतं घुरघुरत आपला जीव जाळत बसत नाही. इतके गुरुवार शिकवून जे तुझ्यात आलं नाही, ते या लोखंडात दिसलं. मग नमस्कार कुणाला करू?"

"पण मलाही केलात की."

"तो काकुळतीचा होता."

व्यापारी हसला, आणि आश्चर्य असे की हसून झाल्यावर काही बोलला नाही. गाडीत शांतता पसरली. मग मागून बायकोचा आवाज आला.

"मला ही गाडी शिकायची आहे."

आयते उत्तर व्यापाऱ्याच्या ओठांपर्यंत आले होते. त्याने ते गिळले.

"कधीची सांगेन म्हणते," ती पुढे म्हणाली. "पण तुमचा लाल दिवाच लागत नव्हता. गिरिजा सासरी गेली की तिला भेटायला मला माझी मी जायचंय, आणि वाटेत कुठे थांबायचं ते माझं मी ठरवायचंय."

मध्येच दिवा हिरवा झाला होता. परंतु तिचे वाक्य संपेपर्यंत व्यापाऱ्याने ब्रेकवरचा पाय उचलला नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला. त्यांच्याही मागच्या सीटवर कुणाचे काही सांगायचे राहिले असेल.