मांदखोऱ्याचा विडा

“...बाकी सगळं ठरलं, आक्का. पण विडा द्यायचा कुणी?”

विसाजीपंत मठाच्या मागच्या दारात उभे होते. हात धुवायचं निमित्त करून ते बैठकीतून बाहेर आले होते.

आक्का ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. नदीकाठचा हा मठ त्या चालवायच्या. विसाजीपंतांनी तरुणपणी त्यांच्याकडूनच अनुग्रह घेतला होता. पुढे वळवंडीच्या राजाचे वकील म्हणून ते परक्या दरबारांत बोलणी करू लागले, नाव झालं, आणि मठाकडची पायवाट विसरली.

आज ते आले होते कामासाठी.

मांदखोरं आपलं, असं वळवंडी म्हणत होती. कानगडही तेच म्हणत होतं. दोघांच्या फौजा नदीच्या दोन काठांवर येऊन बसल्या होत्या. दिवस मावळायच्या आत मठातून शिंग वाजलं तर त्या माघारी फिरणार होत्या. नाही वाजलं तर पुढे. पुढे म्हणजे खोऱ्यातल्या उभ्या जोंधळ्यातून आणि नंतर घरांतून.

“हैबतरावांच्या हातून तू घे,” आक्का म्हणाल्या.

हैबतराव म्हणजे कानगडचे वकील.

“काय बोलताय, आक्का! बैठक संपली की घरच्याने विडा द्यायचा, पाहुण्याने घ्यायचा आणि उठायचं. मी घेतला तर मी पाहुणा ठरलो. खोरं कानगडचं झालं.”

“मग तू दे.”

“ते कसे घेतील? त्यांनाही परत जाऊन राजाला तोंड दाखवायचंय.”

“घेऊच नका. उठा तसेच.”

“विडा न घेता उठणं म्हणजे भांडून उठणं. शिंग कसं वाजवायचं मग?”

“एकमेकांना द्या. एकाच वेळी.”

“करून पाहिलं. कुणाचा हात आधी पुढे होतो ते बघायला दोन्हीकडचे कारकून टपून बसले होते. शेवटी कुणीच हात हलवला नाही.”

आक्कांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

“ठरलं काय काय?”

विसाजीपंतांचा चेहरा उजळला. हे विचारलं की त्यांना बरं वाटायचं.

“खोऱ्यातल्या किल्ल्यावर दोन निशाणं, एकाच उंचीची. पावसाळ्यात न्यायनिवाडा आमचा, उन्हाळ्यात त्यांचा.”

“हिवाळ्यात?”

“दोघांचा मिळून.”

“दोघांचं जमलं नाही तर?”

“तर पावसाळ्याची वाट बघायची.”

“ज्याचे बैल चोरीला गेलेत, त्यानेही?”

“...ते कलम अजून बारकाईने पाहायचंय,” विसाजीपंत म्हणाले. “पण आक्का, असा तह या मुलखात आजवर कुणी घडवलेला नाही. जीव ओतलाय मी. आणि घोडं अडलंय कुठे, तर पानाच्या विड्यापाशी!”

ते खरंच रडायच्या बेताला आले होते. खोऱ्यासाठी की तहासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आक्का शेंगा सोलत राहिल्या.

“उपाय मला सुचलाय,” विसाजीपंत आवाज खाली आणून म्हणाले. “विडा तुम्ही द्या. मठ तुमचा, छप्पर तुमचं. तुमच्या हातून दोघांनी घेतला तर कुणाचंच नाक खाली होत नाही.”

“हैबतराव मानतील?”

“...मठाची जमीन त्यांच्या राजाच्या आजोबांनी दिली, असं म्हणतील. म्हणजे तुम्ही त्यांच्याच.”

“आणि तू काय म्हणशील?”

“आमच्या राजाच्या पणजोबांनी दिली, असं म्हणेन.”

“खरं कुणी दिली?”

“दोघांनी. तीच जमीन.”

आक्का हसल्या. त्यांनी पदर झटकला आणि उठल्या.

“चल. देते मी विडा.”

इतक्या लवकर होकार येईल असं विसाजीपंतांना वाटलं नव्हतं. त्यांना जरा धास्तीच वाटली.

“कुणाला आधी देता?”

“ते विचारायचं नाही.”

“पण...”

“मग मी शेंगा सोलते.”

“नाही नाही. चला.”

बैठकीत हैबतराव जागचे हलले नव्हते. त्यांच्या पायाला कधीच्या मुंग्या आल्या होत्या, पण मांडी मोडली तर माघार घेतल्यासारखं दिसेल म्हणून ते तसेच बसून होते. मधोमध विड्यांचं ताट होतं. पानं सुकायला लागली होती.

विसाजीपंतांनी सूचना मांडली. हैबतरावांनी खिडकीबाहेर ऊन किती उरलंय ते पाहिलं.

“आक्कांच्या हातचा विडा म्हणजे वळवंडीचा, असं उद्या कुणी म्हणायचं नाही,” ते म्हणाले.

“कानगडचा, असंही नाही,” विसाजीपंत म्हणाले.

आक्कांनी ताट उचललं.

“मला एक सांगा. या खोऱ्याचे धनी तुम्ही दोघं?”

“होय,” दोघं एकदम म्हणाले. एवढ्या बैठकीत ते पहिल्यांदाच एकदम बोलले होते.

“तहात तसं लिहिलंय?”

“पहिलंच कलम आहे.”

“मग तुम्हाला विडा कशाला? तुम्ही घरचेच.”

आणि ताट घेऊन त्या अंगणात गेल्या.

अंगणात खोऱ्यातली माणसं सकाळपासून बसून होती. त्यांना आत कुणी बोलावलं नव्हतं, आणि जा असंही कुणी सांगितलं नव्हतं. बायकांनी गाठोडी बांधून जवळ ठेवली होती. शिंग वाजलं तर सोडायची, नाही वाजलं तर उचलायची.

पुढे म्हातारा येसबा बसला होता. त्याचा जोंधळा मठाच्या कुंपणाला लागूनच होता, हुरड्यात आलेला.

आक्कांनी एक विडा उचलून त्याच्यासमोर धरला.

“घे, येसबा.”

येसबाने हात पुढे केला, आणि मध्येच थांबवला.

“ह्यो कशाचा, आक्का?”

“निरोपाचा. बैठक संपली. धन्यांचं ठरलं. आता पाहुण्यांनी उठायचं.”

“पाव्हनं कोन?”

आक्का विडा तसाच धरून राहिल्या.

येसबाने मागे वळून आपल्या रानाकडे पाहिलं. मग आक्कांकडे.

“अन् जायाचं कुटं?”

“ते मला कसं ठाऊक असणार?”

मागे बसलेल्या एका बाईने हुंदका दिला, मूल कडेवर घेतलं आणि गाठोड्याला हात घातला. तिचं बघून दुसरी उठली. कुणी भांडलं नाही, कुणी जाब विचारला नाही. हुकूम आला की उठायचं, याची त्या माणसांना फार जुनी सवय होती. बघवत नव्हतं ते.

“आक्का! हे काय चालवलंय?”

विसाजीपंत अनवाणीच धावत अंगणात आले. मागून हैबतराव, लंगडत.

“हळू बोल,” आक्का म्हणाल्या. “पाहुणे निघालेत.”

“कसले पाहुणे? यांना कुठे घालवताय?”

“धनी तुम्ही. घर तुमचं. मग हे कोण?”

“कोण म्हणजे? यांच्या बापजाद्यांपासून हे इथे आहेत. बसा, बसा हो तुम्ही! गाठोडी ठेवा खाली!” विसाजीपंतांचा आवाज चिरकला. “आक्का, हे यांचं घर आहे!”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांनी ऐकलं.

मागोमाग आलेल्या कारकुनाची लेखणी कागदावर टेकली होती, ती पुढे सरकेना. हैबतरावांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं. नेमकी कशाला घ्यायची ते सुचेना, तेव्हा त्यांनी ते मिटलं.

ऊन डोंगराच्या माथ्याला गेलं होतं. नदीच्या पलीकडे कुणीतरी घोड्यांवर खोगिरं चढवत होतं. अलीकडेही.

आक्कांनी हातातला विडा परत ताटात ठेवला, आणि ताट येसबाच्या हातात दिलं. त्याला ते कसं धरायचं कळेना. त्याने भाकरीची पाटी धरतात तसं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

मग आक्का दोन्ही वकिलांकडे वळल्या.

“हात पुढे करा.”