कोवळी शिंगं

सांगा बरं, राग डोक्यात गेला की कुणावर विसंबावं? आमच्या बाजारात जनावरं बोलायची, तेव्हाची गोष्ट. मोरू बोकडाला नुकतीच शिंगं फुटत होती आणि डोकं सारखं खाजायचं. त्याची मैत्रीण चांदी शेळी रोज ते जिभेनं चाटून द्यायची.

एकदा दरडीवर चरताना कळपासमोर ती हसली, "अरे मोरू, ही शिंगं की भेंड्या?"

सगळे खिदळले. "पुन्हा बोल!" म्हणत मोरूनं मुसंडी मारली. चांदी दरडीवरून पडली आणि तिचा पाय मोडला. लंगडी शेळी मालकानं खाटकाला विकली.

"आधी तीच हसली," मोरू शेवटपर्यंत सांगत राहिला. शिंगं खाजायची, पण जवळ कुणी येईना.

बाळांनो, राग आला की हिशेबावर विसंबा, पण तो खरा ठेवा. ती एकदा हसली ते मांडा आणि रोज चाटायची तेही मांडा.