सावरघाटातला उंबरा

“मग चूक माझीच, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

रणधीरनं हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं. भर दुपारी सावरघाट सायकलनं चढून तो थेट मठात शिरला होता. बूट दाराबाहेर, सायकल चाफ्याला टेकवलेली आणि पाण्याची बाटली सायकललाच राहिलेली. संतापलेल्या माणसाला तहान उशिरा कळते.

अक्का वाती वळत बसल्या होत्या.

“मी कुठं काय म्हणलं?” त्या म्हणाल्या. “तूच सांग की.”

रणधीर शहरातला मोठा कारखानदार. पण बरीच वर्षं तो या मठात शिष्य म्हणून येत होता. अक्कांचा शब्द मी कधी खाली पडू देत नाही, असं चारचौघांत अभिमानानं सांगायचा.

“पुढच्या आठवड्यात आमची मोहीम आहे,” तो म्हणाला. “चार दिवस, एकामागून एक घाट, सगळं सायकलवर. कशासाठी? हौस म्हणून? वरच्या वाडीला बाळंतपणाची खोली बांधून द्यायची आहे म्हणून! त्यासाठी लोक आम्हाला देणग्या देताहेत. मी साखर सोडली, भात सोडला. दर रविवारी या घाटात घाम गाळतोय. आणि वाडीनं काय करावं? रस्त्यात धोंडे टाकून बसलेत. म्हणे, एकही सायकल जाऊ देणार नाही.”

“का रं?”

“मागच्या रविवारचा राग धरलाय.”

“काय झालं रविवारी?”

“काही नाही. सराव होता.”

अक्कांनी हातातली वात खाली ठेवली.

“सरावाला आम्ही घाट बंद ठेवतो,” रणधीर सांगू लागला. “ठेवावाच लागतो, अक्का. चढावर मध्येच पाय टेकला की लय तुटते, सगळी मेहनत पाण्यात. म्हणून वर आणि खाली आमची माणसं शिट्ट्या घेऊन उभी असतात. वरच्या नाक्यावर एक जीप आली. आमच्या माणसांनी दमदाटी केली नाही, हात जोडून सांगितलं. शेवटची सायकल वर आली की सोडतो, एवढंच म्हणाले. यात काय चुकलं?”

“जीपमधी कोण हुतं?”

“वाडीतलीच एक बाई.”

“कुठं निघाली हुती?”

रणधीर हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करू लागला.

“खाली… दवाखान्यात.”

“कशाला?”

“अडलेली होती,” तो म्हणाला आणि लगेच त्याचा आवाज चढला. “ड्रायव्हरनं सांगितलं म्हणे तसं. पण रस्त्यावर प्रत्येक जण काही ना काही सांगतोच! सगळ्यांचं ऐकत बसलो तर सराव कधी करायचा? आणि झालं ना शेवटी सगळं नीट? तिथंच जीपमध्ये मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मी स्वतः त्यांच्या घरी बर्फी पाठवली. ती त्यांनी परत पाठवली, अक्का! बर्फी परत पाठवली!”

बाई नाक्यावर, जीपच्या बाकड्यावर बाळंत झाली होती. याला टोचत होती ती बर्फी.

“तवर शेवटची सायकल आली हुती का?” अक्कांनी विचारलं.

“पहिली फेरी झाली होती. दुसरी चालू होती.”

“त्या बाईचं नाव काय?”

रणधीरला नाव माहीत नव्हतं. विचारायचं त्याला सुचलंही नव्हतं.

“नावाचं सोडा हो,” तो म्हणाला. “तुमच्या शब्दाबाहेर वाडी जाणार नाही. एकदा सांगा त्यांना, धोंडे काढा म्हणावं. अहो, सगळं त्यांच्याच भल्यासाठी चाललंय! आम्ही उन्हातान्हात रक्ताचं पाणी करायचं आणि ह्यांना जरा कळ काढवत नाही. उपकाराची जाणीवच नाही माणसांना!”

“म्हंजे तुझ्या मोहिमेसाठी मी कायतरी करायचं.”

“एवढं कराच.”

“करते की.”

अक्का उठल्या. खुंटीवरची माळ काढली आणि दारात जाऊन उंबऱ्यावर बसल्या, तोंड बाहेर घाटाकडे करून.

रणधीर चमकला. उंबऱ्यावर कुणी टेकलं की याच अक्का त्याला दंडाला धरून उठवत. मठाला दार एकच, तेही बुटकं आणि अरुंद. अक्का बसल्या आणि दार भरलं.

माळ फिरू लागली.

पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. अक्का आपल्या मोहिमेसाठी जप करताहेत, जप झाला की उठतील आणि वाडीकडे निघतील. त्यानं भिंतीला पाठ टेकली. अंग निवत आलं, तशी त्याला तहान जाणवली.

मठात आत पाणी नसे. माठ बाहेर चाफ्याखाली, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी ठेवलेला. अक्कांच्या खांद्यावरून तो माठ दिसत होता. सायकलची बाटलीही दिसत होती.

“अक्का, जरा सरकता का? पाणी प्यायचंय.”

अक्कांनी मान न वळवता एक तळवा वर केला. थांब.

तो थांबला. घसा कोरडा पडत चालला. जीभ टाळूला चिकटू लागली. बाहेर चाफ्याच्या सावलीत एक चिमणी माठावरच्या झाकणीतलं पाणी खुशाल पीत होती, आणि ते बघून त्याला चिमणीचाही राग आला.

माळेचा मेरुमणी आला. रणधीर झटकन उठला.

अक्कांनी माळ उलटी फिरवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

“अहो, संपली ना माळ!”

मणी पुढं सरकत राहिले.

“अक्का, ऐकताय ना? मला तहान लागलीय.”

तो तरातरा दारापाशी आला. अक्कांच्या एका बाजूनं जायला बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. वीतभर जागा नव्हती. मग त्यानं एक पाय उचलला.

उचललेला पाय तसाच राहिला. बसलेल्या माणसाला ओलांडून जाऊ नये, हे त्याला आईनं लहानपणीच शिकवलं होतं. आणि इथं तर अक्का बसल्या होत्या.

त्यानं पाय पुन्हा आत टेकला. मग मात्र त्याचा तोल सुटला.

“ही काय रीत झाली, अक्का? माझा जीव चाललाय इथं! पाणी समोर दिसतंय आणि तुम्ही वाट अडवून बसलात! जप काय नंतर होत नाही? घोटभर पाण्यासाठी माणसानं किती वेळ ताटकळायचं? उठा! उठा म्हणतोय ना!”

त्या मठात एवढ्या मोठ्यानं आजवर कुणी बोललं नव्हतं. माठावरची चिमणी उडून गेली.

अक्कांच्या बोटांतला मणी थांबला नाही. त्यांनी मागं वळून पाहिलंही नाही.

“तुझ्यासाठीच चाललंय, लेकरा,” त्या म्हणाल्या. “शेवटचा मणी आला की सोडते.”