भागीच्या मापाची धोंड

माडीच्या दुकानाच्या दारातली ही काळी धोंड बघा, पण पाय नका लावू हो. रोज सकाळी दुकानदार आपलं माप या खळग्यात रिकामं करतो. खळगा काठोकाठ भरला तरच विक्री सुरू, नाहीतर गिऱ्हाइकं दुकान डोक्यावर घेतात.

फार मागं इथं अनंतशेटचा गुत्ता होता, असं सांगतात. माडावर चढून माडी काढायची आणि तीच गिऱ्हाइकांना मोजून द्यायची, हे काम भागीचा नवरा धाकू करी. माप शेटचं, बांबूच्या नळकांड्याचं. माडी कमी मिळते अशी ओरड झाली, तेव्हा शेट म्हणे शांतपणे म्हणाला, "ओततो कोण? त्यालाच विचारा."

झालं! सगळ्यांनी धाकूचाच हात पाहिलेला. त्या काळी माडी काढणाऱ्यावर आळ आला, की त्यानं पायात दोरीचा फास न घालता माडावर चढायचं; खरा असेल तर देव सुखरूप उतरवील. भागी सगळ्यांच्या पाया पडली. "खोड ओला आसा, उद्या चढवा," म्हणाली. कुणी ऐकलं नाही. धाकू अर्ध्यावरून पडला आणि जागीच गेला. देवानं न्याय केला म्हणत गाव घरी गेलं. काय माणसं म्हणायची ही!

धाकूच्या कोयत्या-दोरीबरोबर ते मापही भागीच्या घरी आलं. तिनं ते धुऊन चुलीपाशी सुकत ठेवलं, तर आतून मेण वितळून वाहू लागलं. तळाशी बोटभर थर होता, म्हणे. ते तसंच उचलून ती देवळात गेली.

"माजो घोव चोर नव्हतो," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर इतक्याच बोला. माका दुसरा काय नको."

पण देवाचा न्याय चुकला असं मानकऱ्यांपैकी बोलायचं कुणी? शेटला दंड झाला, पाथरवट बोलावून धोंडीत खरं माप कोरून घेतलं, आणि भागीला लुगडं-चोळी देऊ केली. तिनं ती तिथंच टाकली आणि गाव सोडलं.

आजही इथं कुणाला थेंबभर माडी कमी मिळत नाही. एवढा चोख कारभार पंचक्रोशीत नाही, असं गाव छाती फुगवून सांगतं. धाकू चोर नव्हता, हे मात्र त्या देवळात अजून कुणी बोललेलं नाही.