पोपटाचे अठरा वाघ

माणसांनी पत्ते छापले त्याच्या फार आधी रानातले प्राणी पिंपळपानांवर वाघांची नि पाणवठ्यांची चित्रं काढून डाव मांडत. वीस पानांचा कॅट ज्याने त्याने आपापला जमवायचा, पिसायचा आणि एकेक पान उचलत खेळायचं. दोन पाणवठे मांडले की एक वाघ उतरवता येई. तीन वाघ आधी उतरवील तो जिंकला.

यंदा पैजेला जांभळाची ढोली होती. पोपटाने वर्षभर रानात हिंडून, पाणवठे देऊन वाघ घेतले होते. त्याच्या कॅटात आता अठरा वाघ होते. हे दोन पाणवठे तरी कशाला ठेवले, असंच त्याला वाटे.

डाव सुरू झाला. पोपटाने पान उचललं, वाघ आला. पुन्हा उचललं, पुन्हा वाघ! दहा वाघ हातात आले, पण जमिनीवर एकही नाही. तोवर समोरच्या खारीने आपला तिसरा वाघ उतरवला.

ढोली गेली. पण पोपटाला दुःखापेक्षा नवलच जास्त वाटलं. "खारूताई, तुमचा कॅट बघू द्याल का?"

तिने पानं पसरली. पोपटाने मान वाकडी करून दोनदा मोजली. "सहाच वाघ? आणि चौदा पाणवठे?"

"हो, पोपटराव."

पोपटाने आपली पानं चाळली. मग आपला सगळ्यात देखणा वाघ त्याने पुढे सरकवला. "हा घ्या, आणि मला एक पाणवठा द्या."

खारीने वाघ हळूच परत सरकवला. "नको हो. सातवा आला, तर माझंही पाणी पुरायचं नाही."