उरलेलं ग्वाकामोले

"पण काळं का पडतं, बुवा?"

दिघेसाहेबांनी पुन्हा तेच विचारलं.

घाटमाथ्यावरच्या आमच्या मठात लोक मोक्षाचं विचारायला येतात, मुलीच्या लग्नाचं विचारायला येतात. ग्वाकामोलेचं विचारायला आलेला हा पहिलाच गृहस्थ. मठामागे ॲव्होकाडोचं झाड आहे आणि मंगलगीर बुवा त्याची झकास चटणी, म्हणजे हेच ग्वाकामोले, करतात, एवढं कानावर आलं आणि साहेब गाडी काढून थेट वर आले.

माणूस निवृत्त, एकटा, तब्येतीला जपणारा. तेलकट बंद, गोड बंद. संध्याकाळी भूक लागली की घरी ताजं ग्वाकामोले करायचं आणि गाजराच्या कापांबरोबर खायचं. कृती आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ. अडचण एकच. एका फळाचंही एकट्याला संपत नाही, आणि उरलेलं अर्धं सकाळपर्यंत काळं. लिंबू पिळून झालं, बी आत ठेवून झालं, वरून पाणी ओतून झालं.

"उपाय सांगा. तेवढ्यासाठीच आलोय," ते म्हणाले. तोरा असा, की बुवांनी चुकूनही दुसरं काही शिकवू नये.

बुवांनी पिकलेली फळं कापली, गर परातीत काढला. कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ, लिंबू. तांब्याच्या बुडाने ठेचलं, तेही जाडंभरडंच. मग परात उचलून पायरीवर जाऊन बसले.

गवत कापून परतणाऱ्या बायका थांबल्या. दुधाचा टेम्पोवाला थांबला. भाकरीच्या तुकड्यावर घेऊन सगळ्यांनी खाल्लं. मीही हात मारला, खोटं कशाला बोलू. परात लख्ख झाली.

दिघेसाहेब वैतागले. "अहो, उरलेलं कसं ठेवायचं ते दाखवायचं राहिलंच."

"उरलं नाही."

"तुमच्याकडे माणसं आहेत, बुवा. माझ्याकडे..."

वाक्य तिथेच अडकलं. बुवांनी परात बाजूला ठेवली.

मग हळूहळू निघालं. समोरच्याच दारात धाकटा भाऊ राहतो, अच्युत. तोही एकटा. आई गेली त्या वर्षी काहीतरी बिनसलं, आणि आधी कोणी बोलायचं यावर जे अडलं ते अडलंच. हल्ली त्याचा खोकला इकडे ऐकू येतो. साहेब आपल्या दाराच्या आत उभे राहून ऐकतात. खोकला थांबला की आत जाऊन बसतात.

हे सांगताना तोरा कुठच्या कुठे गेला होता. फार एकटा वाटला मला तो माणूस, वाईट वाटलं.

"त्याला आवडतं का हे?" बुवांनी विचारलं.

"ठाऊक नाही... कधी विचारलं नाही."

बुवा उठले. झाडापाशी गेले, एक फळ तोडलं आणि साहेबांच्या हातात ठेवलं.

साहेबांनी ते दाबून पाहिलं. "हा तर दगड आहे नुसता. झाडावर पिकू द्यायचं होतंत."

"झाडावर पिकत नाही ते. घरी नेल्यावर पिकतं."

साहेबांनी फळ हातात फिरवून पाहिलं. काय समजायचं ते समजले असावेत, कारण चेहरा जरा सैल झाला. पण सवय कुठे जाते... घसा खाकरून म्हणाले, बघू, सवडीने बोलेन त्याच्याशी. घाई काय आहे. समोरच तर राहतो, कुठे पळून जातोय.

बुवांनी त्यांचे दोन्ही हात त्या फळाभोवती घट्ट धरले.

"पिकलं की हे थांबत नाही, दिघेसाहेब."