पोपटाने सांगितलेली शीव

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर अजून बसायला जागा शोधत होते आणि नद्यांना वळताना कुणाला विचारावं लागत नसे. त्या काळी एक राज्य होतं. राज्यात तीनशे साठ गावं, आणि प्रत्येक गावाला एक शीवराखा.

गावाची शीव कुठून कुठे जाते, हे शीवराख्याने पायांनी लक्षात ठेवायचं. दोन गावांत तंटा झाला, की त्याने शिवेवरच्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि सगळ्यांदेखत शीव चालून दाखवायची. खोटं चाललं की ढेकूळ जड होतं. एक शीवराखा भावकीपायी दोन पावलं वाकडा चालला, तर जागच्या जागी कमरेपर्यंत जमिनीत रुतला. अजून तिथेच आहे. बायका त्याच्यावर धुणं वाळत घालतात.

तर असं सगळं बरं चाललं होतं. आणि सगळं बरं चाललं, की कुणीतरी सुधारणा घेऊन येतोच.

सात नद्यांपलीकडून एक सौदागर आला. हातात सोन्याचा पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. सौदागर म्हणाला, तीनशे साठ म्हाताऱ्यांना कशाला पोसता महाराज? हा एकटा साऱ्या राज्याची शीव पाठ करील. थकत नाही, म्हातारा होत नाही, आणि भावकी तर त्याला नाहीच.

राजा हरखला. प्रधान त्याच्याहून हरखला. खजिन्याचा चौथा हिस्सा सौदागराकडे गेला. दुसऱ्या वर्षी पोपटाची पिसं झडली, त्याच्या इलाजाला आणखी एक हिस्सा गेला. तिसऱ्या वर्षी सौदागर म्हणाला, हा पोपट आता म्हातारा झाला, नवा घ्यावा लागेल. आणि नव्याला जुना पिंजरा चालत नाही. पोपट पेरूशिवाय काही खात नसे, म्हणून सौदागराला पेरूच्या बागेसाठी जमीनही मिळाली. शीवराख्यांना मिळणारं धान्य तेवढं बंद झालं. राज्याला काटकसर नको का?

देखरेख नव्हती, असं मात्र कुणी म्हणू नये. तीन अंमलदार खास देखरेखीला नेमले होते. दर महिन्याला ते बागेत जात. सौदागर त्यांना पेरू कापून, वर तिखटमीठ भुरभुरवून देई. खाणं आटोपलं की थोरला अंमलदार पोपटाला विचारी, "काय, सगळं ठीक?"

पोपट म्हणे, "सगळं ठीक."

मग अंमलदार लिहीत, 'समक्ष चौकशी केली असता सगळं ठीक असल्याचे आढळले.' त्याखाली प्रधान सही करी. प्रधानाच्या सहीखाली राजा शिक्का मारी.

या बागेला लागूनच डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथली शीव केराबाई राखायची. नवरा गेल्यावर ढेकूळ तिच्या डोक्यावर आलं होतं. साठी उलटलेली बाई, पण चाल अशी, की रानडुकरं बाजूला होत. धान्य बंद झालं तेव्हा शिपाई तिची शीवराखीची काठी न्यायला आला. केराबाईने मुकाट काठी दिली. एवढंच म्हणाली, "काठी राजाची आहे बाबा, ने. पाय माझे आहेत." आणि दर वर्षी शीव चालत राहिली.

एक दिवस गावात दवंडी पिटली. पोपटाच्या सांगण्याप्रमाणे गावचा झरा सौदागराच्या बागेत मोडतो, पंधरा दिवसांत कुंपण पडेल. त्या गावाला पाणी म्हणजे तो एकच झरा. लोकांनी नशिबाला बोल लावला आणि बोचकी बांधायला घेतली. केराबाई दारोदार फिरली आणि बोचकी सोडायला लावली. गाव झऱ्यावर वसलंय, पोपटाच्या जिभेवर नाही, असं सुनावून ती राजधानीच्या वाटेला लागली.

दरबारात तिचं म्हणणं ऐकून राजाने पोपट मागवला. पोपट घडाघडा बोलला, "चिंचेपासून निघा. सूर्य डाव्या हाताला ठेवा. पेरू दिसले की थांबा. सगळं ठीक."

प्रधान म्हणाला, मिटलं. केराबाईने पदराची गाठ सोडली आणि शिवेवरचं ढेकूळ दरबाराच्या गालिच्यावर ठेवलं.

"बोलला ते ऐकलं. आता हे डोक्यावर घेऊन चालून दाखवू दे. रीत आहे."

दरबार हसला. ढेकूळ पोपटाहून मोठं होतं. केराबाई हसली नाही. त्याला झेपत नसेल तर मालकाने घ्यावं, म्हणाली. सौदागर दोन पावलं मागे सरला. त्याने पोपट विकला होता, शीव विकली नव्हती. चालणं करारातच नव्हतं. अंमलदारांना विचारलं, तर थोरला म्हणाला, आम्ही पोपट पाहिला. शीव पाहा असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रधान म्हणाला, मी अंमलदारांच्या लिहिण्यावर सही केली. ढेकूळ तिथेच पडून राहिलं, आणि सगळे त्याच्याकडे विंचवाकडे पाहावं तसे पाहू लागले.

केराबाईने मान वर केली. "महाराज, शिक्का तुमचा. मग डोकंही तुमचंच लागेल."

"म्हातारे, कुणाशी बोलतेस?" प्रधान ओरडला.

"शिक्का ज्याच्या हातात आहे त्याच्याशी. मधल्यांशी बोलून झालं."

सौदागर राजाच्या कानाशी लागला. म्हणाला, पोपटावर अविश्वास दाखवलात तर आत्ताच घेऊन जाईन. मग राज्याची शीव कोण सांगेल? शीवराखे तर तुम्ही केव्हाच काढलेत. राजाचा चेहरा पडला. पण केराबाईचे कान तिच्या पायांसारखेच होते.

"खुशाल जाऊ दे त्याला," ती म्हणाली. "तुम्ही धान्य बंद केलंत महाराज, पाय नाही बंद केले. तीनशे साठ गावांत माणसं अजून चालतायत. अर्धपोटी चालतायत, एवढंच. चला माझ्याबरोबर. माझं खोटं निघालं तर झरा तुमचा, आणि माझं घरही."

आता राजाला उठावंच लागलं. सगळा लवाजमा गावी आला. सकाळी राजाने मुकुट उतरवला, ढेकूळ घेतलं, आणि सूर्य डाव्या हाताला ठेवून चिंचेपासून निघाला. मागे पिंजरा, त्यामागे गाव. राजा बाभळीतून गेला, म्हशींच्या डबक्यातून गेला, एकीच्या चुलीवरून गेला. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला, तेव्हा राजा घटकाभर जागीच उभा राहिला. मग सूर्य पलीकडे कलला, तशी शीवही वळली, आणि राजा आला होता तिकडेच परत निघाला. दिवस कलता कलता पाहतो, तर समोर तीच चिंच. चिंचेखाली सावलीत तिघे अंमलदार टोपली घेऊन पेरू खात बसलेले.

पेरू दिसताच पोपट ओरडला, "थांबा. हीच शीव. सगळं ठीक."

राजाच्या डोक्यावरचं ढेकूळ असं जड झालं, की त्याच्या मोजड्या घोट्यापर्यंत मातीत गेल्या. केराबाईने ते उचलून आपल्या डोक्यावर ठेवलं आणि दुसऱ्या सकाळी आपली शीव चालून दाखवली. जिथे थांबेल तिथे ती दगड उलथायला सांगे, आणि प्रत्येक दगडाखाली वाडवडिलांनी खुणेला पुरलेला कोळसा निघे. झरा शिवेच्या चांगला शंभर पावलं आत निघाला.

सौदागर त्याच दिवशी सात नद्या ओलांडून गेला. पिंजरा घेऊन गेला, पोपट विसरला. पेरूची बाग गुराख्यांना मिळाली. प्रधानाच्या आणि तिघा अंमलदारांच्या डोक्यावर एकेक ढेकूळ देऊन राजाने फर्मावलं, की पोपटाने सांगितलेली शीव साऱ्या राज्यात चालून या. ते अजून चालतायत. ढगाळ दिवशी तेवढे बसतात.

राजा केराबाईला प्रधानकी द्यायला निघाला. तिने आपली काठी मागितली, शीवराख्यांचं धान्य मागितलं, आणि वर बजावलं, "उद्या पोपट आणा नाहीतर मोर आणा महाराज. पण 'सगळं ठीक' म्हणणाऱ्याने आधी ढेकूळ घ्यायचं." राजाने ते वेशीवरच्या दगडात कोरून घेतलं.

पोपट आता त्या चिंचेवर राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "सगळं ठीक." बाकीचे हसून पुढे जातात. केराबाई मात्र रोज थांबते, वर पाहते आणि म्हणते, "बघून सांगते."

तेव्हा लहानथोरहो, गाठीला एवढं बांधा: जी वाट आपल्या पायांनी पाहिली नाही, ती बरोबर असल्याची सही करू नये.